नुकसान करून घेण्याचा अधिकार

सज्ञान माणसाला स्वतःच्या कमाईचे नुकसान करून घेण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात या शब्दांत कुठेच सापडत नाही. तेथे तो किमान रकमेच्या, पात्रतेच्या आणि मनाईच्या भाषेत येतो. पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवा, म्हणजे ग्राहकाच्या नावावरील समभागांची खरेदी-विक्री व्यावसायिकाने त्याच्या वतीने करण्याची सोय, भारतात 50 लाख रुपयांच्या खाली घेता येत नाही. पर्यायी गुंतवणूक निधीत, म्हणजे मोजक्या श्रीमंतांकडून पैसा गोळा करून तो नवउद्योगांत, स्थावर प्रकल्पांत किंवा अवघड व्यूहरचनांत गुंतवणाऱ्या निधीत, सर्वसाधारणपणे एक कोटीशिवाय प्रवेश नाही. या दोहोंच्या अलीकडे 2025 साली विशेष गुंतवणूक निधी नावाची एक पायरी घालण्यात आली आणि तिची उंची 10 लाख ठरवण्यात आली. या सर्व आकड्यांमागे एकच गृहीतक आहे: काही साधने सामान्य माणसाला कळण्यासारखी नसतात, म्हणून त्याला त्यांच्यापासून दूर ठेवावे, आणि सामान्य कोण हे त्याच्याजवळच्या पैशावरून ओळखावे. गृहीतकाचा पूर्वार्ध जुना आणि बराचसा न्याय्य आहे, परंतु उत्तरार्ध अगदी अलीकडचा असून तो कोणी फारसा तपासलेला नाही.

तो तपासून पाहण्यास पनवेलसारखे ठिकाण सोयीचे आहे, कारण तेथे पैसा आणि पैशाची समजूत या दोहोंची वाढ एका गतीने झालेली नाही. मार्च 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनाखाली आल्या, जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन 5 शेतकरी मृत्युमुखी पडले आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे संपादित जमिनीच्या त्या प्रमाणात विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची. विमानतळासाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्या बाबतीत हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. भातखाचर आणि मिठागर यांवर जगलेल्या कुटुंबाच्या हाती एका पिढीत लाखांची, क्वचित कोटींची रक्कम येण्याचे हे उदाहरण महाराष्ट्रात एकमेव नाही, पण इतके दाट आणि इतके दीर्घकाळ चाललेले उदाहरण शोधावे लागेल.

जटिल साधन कशाला म्हणायचे, हे आधी सांगणे आवश्यक आहे. मुदत ठेवीत देणारा आणि घेणारा यांच्यातील वचन एका ओळीत मावते: इतकी रक्कम, इतका दर, इतकी मुदत. याउलट ज्या साधनाचा परतावा दुसऱ्याच कशाच्या तरी किमतीवर, एखाद्या अटीच्या पूर्ततेवर किंवा काळाच्या ओघात आपोआप घटणाऱ्या मूल्यावर अवलंबून असतो, आणि म्हणून तोटा केव्हा व किती होईल हे घेणाऱ्याला करार करताना नेमके सांगता येत नाही, ते साधन जटिल होय. या व्याख्येत जोखीम हा शब्द मुद्दामच घेतलेला नाही. सोपे साधनही अत्यंत जोखमीचे असू शकते, आणि त्याचा पुरावा पनवेलमध्येच मिळतो.

मुंबई इलाख्यात अशा साधनांचा विचार प्रथम जुगाराच्या अंगाने आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा पूर आला, तेव्हा बॅक बे भरावाच्या कंपनीचा 5,000 रुपयांचा भाग त्याच्या कितीतरी पट किमतीला विकला जात होता आणि त्या भागांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने देवघेव करण्याचे करार, पेढीवाल्यांपासून कारकुनांपर्यंत सर्वांनी केले होते. युद्ध संपले आणि 1 जुलै 1865 या निकालाच्या दिवशी ते वायदे पुरे करणे बहुतेकांना शक्य झाले नाही. दिनशा वाच्छा यांनी पुढे 1910 मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. सरकारने 1865 च्याच तिसऱ्या मुंबई कायद्याने पैजेच्या व्यवहारांना जोडून केलेले करारही रद्दबातल ठरवले. मात्र त्यामागे दुबळ्याला वाचवण्याची दृष्टी नव्हती; असल्या व्यवहारात न्यायालय हात घालणार नाही, जिंकणाऱ्याने वसुलीसाठी आणि हरणाऱ्याने सुटकेसाठी दुसरीकडे जावे, इतकाच त्याचा अर्थ होता.

संरक्षणाची कल्पना दहा वर्षांनी आणि शहराबाहेर जन्मली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरलेल्या या दंग्यांत लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता: कर्जरोखे आणि गहाणखते बाहेर काढून जाळली जात होती. चौकशी आयोगापुढे जे आले त्यातील एक भाग आजच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने ऋणकोच्या सोयीसाठी दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती, पण परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहून घेई, आणि अक्षरशत्रू शेतकरी ज्यावर अंगठा उठवी त्या कागदावरील रक्कम त्याने कधी हातात घेतलेलीच नसे. 1872 चा करार कायदा मात्र दोघांनाही समान बुद्धीचे पक्षकार मानत होता. मुदत ही अट सरकारने संरक्षण म्हणून घातली, बाजाराने तिचेच हत्यार केले, हा धडा पुढे पुन्हा पुन्हा मिळणार होता.

1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने जो मार्ग स्वीकारला तो या विषयाच्या इतिहासात सर्वांत विचार करण्यासारखा आहे, आणि गुंतवणुकीच्या नियमनाची चर्चा करणारे त्याची आठवण जवळजवळ कधीच काढत नाहीत. त्या कायद्याने शेतकऱ्याला कर्ज घेण्यास बंदी केली नाही आणि किती जमीन असलेला शेतकरी कर्ज घेण्यास पात्र ठरेल असेही विचारले नाही. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाण्याचा अधिकार दिला: कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासावा, प्रत्यक्ष दिलेले मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळे काढावे. दस्त ग्राम निबंधकापुढे लिहिले जावेत, सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब आणि पासबुक द्यावे, अशा तरतुदी होत्या. म्हणजे कायद्याने समजुतीची परीक्षा घेतली ती विकणाऱ्या बाजूची, त्याने केलेला व्यवहार उजेडात टिकतो की नाही याची. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले होते. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झालेला हा कायदा तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या पनवेलला लागू नव्हता, हे जाता जाता नोंदवायला हवे.

त्याला पळवाटही निघाली. गहाण तपासले जाते म्हटल्यावर सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देऊ हे वचन तोंडी ठेवू लागले. ते रोखण्यासाठी खरेदीखताच्या रूपातला व्यवहार प्रत्यक्षात गहाण होता हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कायद्यात घालावी लागली. पत आटली, प्रामाणिक शेतकऱ्यालाही कर्ज मिळेनासे झाले, असा आक्षेपही त्या काळी घेतला जाई. तो पूर्णपणे खोटा नव्हता.

स्वतंत्र भारताने सुरुवातीला वेगळी वाट धरली आणि ती सरळ मनाईची होती. 1947 च्या भांडवल उभारणी नियंत्रण कायद्याने कोणती कंपनी किती भांडवल कोणत्या भावाने उभारील हे सरकारी नियंत्रक ठरवू लागला. रोखे बाजारासाठी गोरवाला समितीच्या शिफारशींवर आधारलेला 1956 चा कायदा आला आणि त्याच्या विसाव्या कलमाने ऑप्शनच्या करारांवर बंदी घातली. मुंबईच्या बाजारात या करारांना तेजी-मंदी म्हणत: थोडी रक्कम आधी मोजून ठरलेल्या भावाने माल घेण्याचा हक्क विकत घेतला तर ती तेजी, देण्याचा हक्क घेतला तर ती मंदी. 1969 मध्ये वायद्यांवरही मनाई आली. बंदी सर्वांना सारखी होती, त्यामुळे गरीब-श्रीमंत असा भेद उद्भवला नाही. पण बाजाराने बदला नावाची पद्धत जोपासली, ज्यात निकालाच्या दिवशी व्यवहार पुरा न करता व्याज देऊन तो पुढच्या निकालापर्यंत ओढला जाई, आणि वायदा दाराने गेला तो खिडकीने परत आला. बदला अखेर जुलै 2001 मध्ये बंद झाला, तोही त्याची जागा घेणारी नवी साधने आल्यावर.

याच काळात महाराष्ट्राने जमिनीच्या बाबतीत माणसाच्या वर्गावर आधारलेले निर्बंध घातले आणि ते पनवेल तालुक्यातील कातकरी व ठाकर वाड्यांना आजही लागू आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 मध्ये आणि 1974 साली त्यात भर घातलेल्या 36अ मध्ये आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करण्यास मनाई आहे. येथे राज्य सांगते की मालक सज्ञान आहे, मतदार आहे, पण या एका व्यवहारात समोरच्या पक्षाचे बळ इतके वरचढ आहे की मालकाची संमती पुरेशी नाही. ज्यांनी तालुक्यातील महामार्गालगतच्या जमिनींचे काय झाले ते पाहिले आहे त्यांना या तरतुदीचा राग येणे कठीण आहे. तरीही मुक्तपणे विकता न येणाऱ्या जमिनीचे तारणमूल्य घटते, मालकाला भाव मिळतो तो मोजक्या गिऱ्हाइकांचा, आणि संरक्षणाची किंमत संरक्षित माणूसच मोजतो.

1992 नंतर वारे पालटले. हर्षद मेहता प्रकरण उघड झाले त्याच वर्षी भांडवल नियंत्रण कायदा रद्द झाला आणि भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळ, म्हणजे सेबी, वैधानिक संस्था झाली. तिच्यामागचे तत्त्वज्ञान अमेरिकेत आधीच घडून गेलेल्या एका वादाचे फलित होते. कॅन्सस राज्याने 1911 मध्ये असा कायदा केला होता की रोखा विकायला आणण्यापूर्वी तो लोकांच्या हिताचा आहे की नाही हे राज्याचा अधिकारी ठरवील. 1933 च्या संघीय कायद्याने मात्र विक्रेत्याने सर्व माहिती खरी व पूर्ण द्यावी आणि निर्णय घेणाऱ्याचा असावा, ही भूमिका घेतली. भारताने ही दुसरी भूमिका उचलली. कंपनीच्या भागाला ती बरीचशी मानवते, कारण ताळेबंद अनेकांना नसला तरी काहींना वाचता येतो आणि त्यांच्या वाचनातून ठरलेला भाव इतरांनाही मिळतो. पण शुक्रवारी संपणाऱ्या कराराचा गुरुवारचा भाव माहितीपत्रक वाचून समजत नाही.

1995 मध्ये ऑप्शनवरील बंदी उठली, एल. सी. गुप्ता समितीने 1998 मध्ये वायदे-ऑप्शन टप्प्याटप्प्याने आणण्याचा मार्ग आखून दिला आणि जून 2000 मध्ये निर्देशांकाचे वायदे सुरू झाले. छोट्या गुंतवणूकदाराचे काय, हा प्रश्न संसदेच्या समितीत निघाला तेव्हा उत्तर आले ते रकमेचे: कराराचे मूल्य किमान 2 लाख असावे. 2015 मध्ये ही मर्यादा 5 लाख झाली. विचार असा की एवढ्या मोठ्या कराराला सामान्य माणूस हातच घालणार नाही. वायद्याच्या बाबतीत तो काही अंशी बरोबर होता, कारण वायद्यासाठी कराराच्या मूल्याचा चांगलासा हिस्सा अनामत म्हणून ठेवावा लागतो. ऑप्शन विकत घेणाऱ्याला मात्र फक्त प्रीमियम, म्हणजे हक्काची आगाऊ किंमत, मोजावा लागतो. निफ्टी 24,000 वर असताना 25 च्या एका लॉटचे, म्हणजे किमान संचाचे, मूल्य 6 लाख होते, पण मुदत संपण्याच्या दिवशी 10 रुपये भाव असलेला, प्रत्यक्षात येण्याची शक्यता फारच कमी असलेला ऑप्शन 250 रुपयांत मिळे. नियमाचे दार 5 लाख उंचीचे होते आणि त्याच्या खाली अडीचशे रुपयांची फट होती. 2016 पासून आठवड्याला संपणारे करार आले, 2020 नंतर मोबाईलवर काही मिनिटांत डिमॅट खाते उघडू लागले आणि अशा खात्यांची संख्या चार वर्षांत सुमारे 4 कोटींवरून 15 कोटींच्या पुढे गेली, तेव्हा त्या फटीतून किती माणसे आत गेली हे सेबीच्याच पाहणीने सांगितले. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. 2023-24 मध्ये यांतील 43 टक्के लोक तिशीच्या आतले होते आणि सुमारे तीन चतुर्थांश व्यक्तींनी आपले वार्षिक उत्पन्न 5 लाखांच्या आत असल्याचे नोंदवलेले होते.

ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने कराराचे किमान मूल्य 15 लाख केले, आठवडी करार प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकापुरते ठेवले, प्रीमियम आगाऊ वसूल करण्याची सक्ती केली आणि मुदतीच्या दिवशीची अनामत वाढवली. दक्षिण कोरियाने 2012 मध्ये आपल्या निर्देशांक ऑप्शनचा आकार पाचपट केला होता, मार्ग तोच. सेबीच्या जुलै 2025 मधील आकड्यांनुसार 2024-25 या वर्षात 91 टक्के व्यक्ती तोट्यात होत्या आणि त्यांचा निव्वळ तोटा आदल्या वर्षीच्या सुमारे 75 हजार कोटींवरून एक लाख 5 हजार कोटींच्या पुढे गेला होता. त्या वर्षाचा अर्ध्याहून अधिक भाग जुन्या नियमांखालचा आहे, हे लक्षात घेऊनही एक गोष्ट खटकते: लॉट तिप्पट केल्याने 250 रुपयांची फट 750 ची झाली. यांतील आठवडी करार कमी करण्याचा भाग मात्र वेगळ्या जातीचा आहे, कारण तो माणसाची ऐपत न पाहता साधनाच्या बांधणीला हात घालतो, आणि सर्व उपायांत तोच अधिक विचारपूर्वक केलेला दिसतो.

रक्कम म्हणजे समजूत हे समीकरण वरच्या टोकालाही टिकत नाही. 2013 च्या जुलैअखेर मुंबईतील नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमधील व्यवहार थांबले तेव्हा सुमारे 13 हजार गुंतवणूकदारांचे 5,500 कोटींहून अधिक रुपये अडकले. त्यांत सधन, दलालांकडे मोठी खाती असलेल्यांची संख्या लक्षणीय होती. आज घेतलेला माल पंचवीस-तीस दिवसांनी ठरलेल्या चढ्या भावाने परत विकायचा, या जोडकरारात गोदामात माल आहे का, हे पाहायला त्यांतील फारच थोडे गेले असावेत. येस बँकेच्या अतिरिक्त श्रेणी-1 रोख्यांची, म्हणजे ज्यांना परतफेडीची मुदत नसते आणि बँक अडचणीत आल्यास ज्यांचे मुद्दल शून्यावर आणता येते अशा रोख्यांची कथा अधिक बोलकी आहे. मार्च 2020 मध्ये 8,415 कोटींचे असे रोखे शून्य करण्यात आले. सेबीच्या आदेशानुसार ते घेणाऱ्यांत 1,300 हून अधिक व्यक्ती होत्या, बहुतेक बँकेचे जुने खातेदार, आणि त्यांतील 277 जणांनी आपल्या ठेवी मुदतीपूर्वी मोडून पैसे तिकडे वळवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये रोखे शून्य करण्याचा निर्णय रद्द केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान सेबीने 2020 च्या ऑक्टोबरात या रोख्यांची प्रथम विक्री केवळ संस्थात्मक खरेदीदारांपुरती केली आणि किमान वाटप एक कोटीचे ठरवले. गैरप्रकार घडला होता बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला. दार बंद झाले ते बाहेरच्यांसाठी.

आता सोप्या साधनाकडे. पनवेल येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेत लोकांनी ठेवले होते ते बचत आणि मुदत ठेवींचे पैसे, ज्यांहून सरळ वित्तीय वचन दुसरे नाही. बनावट कर्जखात्यांमधून 500 कोटींहून अधिक रकमेचा अपहार झाल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला, माजी आमदार असलेल्या अध्यक्षांना सक्तवसुली संचालनालयाने जून 2021 मध्ये अटक केली, आणि ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितले की 95 टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. हा विमा 1960 मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर 1962 पासून 1,500 रुपयांच्या मर्यादेने सुरू झाला होता आणि कर्नाळा बँकेच्या ठेवीदारांच्या सुदैवाने फेब्रुवारी 2020 मध्येच त्याची मर्यादा एक लाखावरून 5 लाख करण्यात आली होती. उघडे पडले ते उरलेले पाच टक्के, ज्यांची ठेव मोठी होती ते. जटिल साधनांच्या दारावर ज्यांना त्यांच्या रकमेमुळे सन्मानाने आत घेतले गेले असते, तेच लोक सर्वांत सोप्या साधनात सर्वाधिक पोळले.

पनवेलकरांनी खरी जटिल साधने हाताळली ती शेअर बाजारात नव्हेत, तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. साडेबारा टक्क्यांखाली मिळणाऱ्या भूखंडाचा क्रमांक ठरण्याआधी, कधी पात्रता निश्चित होण्याच्याही आधी, बांधकाम व्यावसायिक विसार देऊन त्या हक्काचा सौदा करीत. साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र होई, पुढे सिडकोसह त्रिपक्षीय करार होई, आणि दरम्यान भाव वाढला तर ती वाढ सौदा करणाऱ्याच्या पदरात पडे. या व्यवहाराचा सांगाडा पाहिला तर शेतकरी थोड्या आगाऊ रकमेच्या बदल्यात भविष्यातील चढ विकत होता, म्हणजे मुंबईच्या जुन्या भाषेत त्याने तेजी विकली होती. शेअर दलालाकडे हाच करार करताना त्याला जोखमीच्या इशाऱ्यांवर सह्या कराव्या लागल्या असत्या, अनामत ठेवावी लागली असती. येथे मुद्रांक शुल्क भरले की पुरे. त्याच तालुक्यात डोंगराच्या कडेला कातकरी खातेदाराला जमीन विकण्यास जवळजवळ पूर्ण मनाई, आणि सपाटीवरील आगरी शेतकऱ्याला, न मिळालेल्या भूखंडाचा न ठरलेला भाव विकण्याची पूर्ण मोकळीक. दोन्ही ठिकाणी राज्याने विक्रेत्याच्या समोर बसलेल्या खरेदीदाराला जवळपास काहीच विचारलेले नाही.

अधिकृत गुंतवणूकदार ही 2021 मध्ये आलेली संकल्पना या विसंगतीला टोकाला नेते. व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न 2 कोटी असेल, किंवा निव्वळ संपत्ती साडेसात कोटी आणि त्यांपैकी निम्मी तरी वित्तीय स्वरूपात असेल, तर तिला प्रमाणपत्र मिळते आणि तिच्यासाठी किमान रकमेसारखे निर्बंध सैल होतात. कल्पनेचे मूळ अमेरिकेतील 1982 च्या नियमांत आहे, जेथे 10 लाख डॉलरची संपत्ती ही कसोटी होती. आठ कोटींची जमीन सातबाऱ्यावर असलेला शेतकरी या कसोटीत बसत नाही, कारण जमीन वित्तीय मालमत्ता नव्हे. ती विकून पैसे बँकेत जमा झाले की दुसऱ्या दिवशी बसतो. दरम्यान त्याने नवे काही शिकलेले नसते. उलट तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवणारा आणि ऑप्शनचे गणित फळ्यावर सोडवून दाखवणारा प्राध्यापक पोर्टफोलिओ सेवेच्या उंबरठ्यावरही पोहोचत नाही.

निर्बंधांच्या बाजूने एक युक्तिवाद असा करता येतो की रकमेची कसोटी समजूत मोजत नसली तरी तोटा सोसण्याची शक्ती मोजते, आणि नियामकाला एवढेच पुरे. एखाद्याकडे पाच कोटी असताना पन्नास लाख बुडाले तर त्याचे घर चालत राहते. हे खरे आहे, पण पन्नास लाखांची अट ही पाच कोटींपैकी पन्नास लाखांची अट नाही. ज्याच्याकडे पन्नास लाखच आहेत त्यालाही ती पुरी करता येते, आणि भूसंपादनाचा मोबदला एकदाच मिळतो. अट रकमेऐवजी एकूण संपत्तीच्या प्रमाणात असती, तर हा युक्तिवाद अधिक गंभीरपणे घेता आला असता. प्रवेशबंदीचा दुसरा परिणामही दुर्लक्षिण्यासारखा नाही: चांगली साधने वरच्या मजल्यावर आणि खालच्यांसाठी ठेव, सोने, चिट फंड आणि दरमहा दोन टक्क्यांचे तोंडी आश्वासन. सेबीला हे कळत नाही असे नव्हे. सूचिबद्ध स्थावर निधींची, म्हणजे कार्यालयांच्या इमारतींच्या भाड्याचे उत्पन्न वाटून देणाऱ्या न्यासांची, किमान रक्कम तिने 2019 ते 2021 दरम्यान 2 लाखांवरून 10-15 हजारांवर आणली आणि खासगीरीत्या विकल्या जाणाऱ्या रोख्यांचे दर्शनी मूल्यही 10 लाखांवरून आधी एक लाख, मग 10 हजार केले. म्हणजे एकाच संस्थेचा एक हात दार उंच करतो आणि दुसरा खाली आणतो, आणि दोन्ही वेळा माप रुपयांचेच असते.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय क्षेत्र कायदे सुधारणा आयोगाने मार्च 2013 मध्ये दिलेल्या अहवालात वेगळे माप सुचवले होते. किरकोळ ग्राहकाला सल्ला देणाऱ्याने ते साधन त्याच्या परिस्थितीला योग्य आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी घ्यावी, अन्याय्य करारअटी ग्राहकावर बंधनकारक नसाव्यात, आणि तक्रारीसाठी एकच यंत्रणा असावी, असा त्याचा गाभा होता. 1879 च्या कायद्याशी त्याचे नाते स्पष्ट आहे, आयोगाने ते सांगितले असो वा नसो. त्या प्रस्तावित वित्तीय संहितेचा कायदा झाला नाही. लॉटचा आकार परिपत्रकाने महिन्याभरात बदलता येतो, कारण तो मोजता येतो. योग्यता प्रत्येक प्रकरणात सिद्ध करावी लागते, आणि त्यासाठी न्यायाधीशाला पुन्हा रोख्याच्या मागे जावे लागेल.

तसे झाले तर दीडशे वर्षांपूर्वीचा आक्षेप नक्कीच परतेल: जबाबदारीच्या भीतीने विक्रेते लहान ग्राहकाकडे फिरकणार नाहीत आणि तीन लाख शिल्लक असलेल्या पनवेलच्या निवृत्त कारकुनाला सल्लाच मिळणार नाही. हा तोटा खरा आहे आणि तो त्या कारकुनालाच सोसावा लागेल. ज्याच्या खात्यात भूखंडाचे पैसे नुकतेच जमा झाले आहेत त्याची स्थिती मात्र वेगळी आहे. त्याच्याकडे विक्रेते न बोलावता येतात, चहा घेतात, कागद काढतात, आणि त्यांच्या कागदावरील जो रकाना भरल्यावर दार उघडते तो अजूनही रकमेचाच आहे.